हातावरचं दही

मॅडम, आज तुमचा तो प्रश्न पुन्हा उपयोगी पडला, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लहान बाळाला भूल देण्याआधी मला तुमचाच आवाज ऐकू येतो, आणि तो अजून रागावलेलाच असतो.

मी शिकत होते तेव्हाची ती सकाळ. दुभंगलेल्या ओठाचं तान्हं बाळ, शेजारी आई आणि आजी. मी विचारते, "बाळ उपाशी आहे ना?" दोघी माना डोलावतात आणि मी समाधानाने तुमच्याकडे येते. तुम्ही चष्म्यावरून पाहता. "उपाशी? अहो डॉक्टर, एकादशी आणि दुप्पट खाशी, हे ऐकलंय ना?" मग तुम्ही उठून आजीजवळ जाऊन बसलात आणि घरच्यासारखं विचारलंत, "काय हो आजी, निघताना दही-साखर ठेवलंत की नाही बाळाच्या हातावर?" आजींचा चेहरा खुलला. "ठेवलं तर! चांगल्या कामाला निघताना तसंच कसं आणायचं? चाटवलं दोन बोटं." त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच, शकुन होता. सुनेने डोळे वटारले, तोच तुम्ही आपला तळहात पुढे केलात. "बाळाचं झालं. पण काम मला करायचंय, माझ्या हातावर कोण ठेवणार?" बाळाच्या वडिलांसाठी आणलेली दह्याची डबी आजींनी पिशवीतून काढली. ऑपरेशन दुपारवर गेलं आणि त्या घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. मला मात्र बाहेर आल्यावर लावलात. "उत्तर मिळेल असा प्रश्न विचारावा. नुसतं 'हो' ऐकायला भिंतसुद्धा चालते."

आजची बाळी बिबवेवाडीची, जेमतेम दहा महिन्यांची. जन्मापासून हनुवटी आत गेलेली आणि टाळू दुभंगलेली. अशा बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार. आई आयटीतली, म्हणाली, "काहीच दिलं नाही मॅडम, अलार्म लावून सगळं टायमावर केलंय." तिचा शब्दन् शब्द खरा होता. मी आजींकडे वळले आणि तुमचा प्रश्न विचारला. "ते होय? देवापुढे दिलं जरासं. ते कुठे खाणं असतं?" "आई, अहो सांगितलं होतं ना तुम्हाला!" सुनेला रडूच फुटलं. सर्जन म्हणाले, "बोटभर दह्यासाठी माझी सगळी लिस्ट हलवायची?" मी म्हटलं, "ते बोटभर दही फुप्फुसात गेल्यावर आपण काढणार असाल, तर आत्ता घेऊ." मॅडम, इतकं तुमच्यासारखं बोलले की माझं मलाच हसू आलं. दुपारपर्यंत थांबलो. साखरपाणी पोटातून लवकर उतरतं, म्हणून मधे तेवढं थोडं पाजायला सांगितलं आणि आजींपुढे माझा तळहात धरला. त्यांच्याकडे डबी नव्हती, तर सुनेनेच डोळे पुसत खाली जाऊन कँटीनमधून दही आणलं.

नळी पहिल्यांदा गेली नाही. मी बाळीला पुन्हा नीट प्राणवायू दिला, डोकं जरा वळवलं, आणि दुसऱ्या खेपेला गेली. संध्याकाळी ती जागी होऊन अशी खणखणीत रडली की आजी दाराबाहेरून विचारू लागल्या, "आमचीच का ही?" मला फार आनंद झाला, तुम्ही हव्या होतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ड्रॉवरमध्येच राहील, म्हणून एक सांगून टाकते. तुमचं स्वतःचं ऑपरेशन होतं त्या सकाळी मी भेटायला आले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "काय आणलंस?" मी म्हटलं, "काही नाही." ॲप्रनच्या खिशात दह्याची डबी होती, मॅडम. तुम्ही नेमका तुमचाच प्रश्न विचारायला विसरलात. तुम्हाला द्यायची सोय नव्हती, म्हणून तुम्हाला भूल देणार होता त्याला मी जिन्यात गाठलं. तोही तुमचाच विद्यार्थी. त्याने काही न विचारता हात पुढे केला, दही खाल्लं आणि हात धुवायला गेला. तुम्ही बऱ्या होऊन परत आलात आणि पुढे कितीतरी वर्षं आम्हा दोघांना रागावत राहिलात.