दुसरी चिठ्ठी

प्रिय धाकटे,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहिणारी बाई तुला वेडी वाटेल. वाटू दे. संध्याकाळी तू ठकीला न्यायला धापा टाकत येतेस आणि तुला पाहिलं की माझी वाचाच बसते. म्हणून आत्ता, दुपारी, पाळणाघरातली बाराही पोरं झोपलेली असताना, त्यांच्याच वीतभर खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून लिहितेय. हसू नकोस, उठताना ही खुर्ची माझ्याबरोबरच उठते.

तुम्हा पालकांचं पत्र पाळणाघराच्या बाईंनी काल मला वाचायला दिलं. चावणाऱ्या मुलाला परवाच्या बैठकीत काढा, नाहीतर आम्ही आमची मुलं काढतो. अक्षर तुझं, पहिली सही तुझी. शाळेत रजेचा अर्जसुद्धा माझ्याकडून लिहून घेणारी तू, किती ठाम लिहिलंयस! तुझा राग मला कळतो. ठकीच्या दंडावरचे दातांचे वळ पाहून तू दारातच रडलीस. कोण चावलं, म्हणून पुन्हा पुन्हा विचारलंस. नाव सांगायचं नाही असा नियम आहे, एवढंच मी म्हटलं, आणि तू तणतणत निघून गेलीस.

त्या लेकराबद्दल लिहिते. ते दुष्ट नाही गं. दोन वर्षांचं आहे, रागवायला शिकलंय, बोलायला नाही. जे चार शब्द यायचे तेही हल्ली बंद केलेत. चावतं ते बहुतेक जेवणाआधी, पोरं हात धुवायला नळाशी गर्दी करतात तेव्हा. कुणाचा धक्का लागला, कुणी हातातली बादली ओढली, की लावलेच दात. मग स्वतःच दचकतं आणि ज्याला चावलं त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडतं. मी सगळं करून पाहिलं. आधी दुखलेल्याला जवळ घ्यायचं, जखम धुऊन गार फडकं ठेवायचं, मग याच्यासमोर बसून शांतपणे सांगायचं, चावायचं नाही, दुखतं. ‘नको’ म्हणायला तळहात पुढे करायला शिकवलं. नळाशी दोघादोघांनाच न्यायला लागले. चघळायला गार रबरी कडं दिलं. चार दिवस बरे गेले, माझी मान ताठ झाली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दिवसभर मी त्याच्या मागे असते, पण दुसऱ्या कुणाची चड्डी बदलायला वळले की तेवढ्यात किंकाळी. बावीस वर्षं पोरं सांभाळतेय, आणि या एका लेकरापुढे हात टेकलेत. काढून टाकलं तर ते जाईल कुठे? त्याच्या आईला कामावर जावंच लागतं.

कुणी चावलं की इथे दोन चिठ्ठ्या लिहितात. एक ज्याला चावलं त्याच्या घरी, दुसरी चावणाऱ्याच्या घरी. पहिल्या चिठ्ठ्या मी सगळ्या पोचवल्या. दुसऱ्या बाई विश्वासानं माझ्या हाती देत होत्या, आणि मी त्या एप्रनच्या खिशात ठेवत गेले. त्यातली पहिली द्यायची होती त्याच आठवड्यात तुझा नवरा घर सोडून गेला. तू दारात उभी, डोळे सुजलेले. म्हटलं, उद्या देऊ. तसे तीन महिने गेले. तुझी सही पाहून काल बाईंनी विचारलं, बहिणीला माहीत आहे ना? मी मान डोलावली. धाकटे, सातही चिठ्ठ्या सोबत ठेवल्यात. ठकीच्या दंडावरचे वळसुद्धा तिच्याच दातांचे आहेत. दुसऱ्या पोरापासून मी तिला ओढून धरलं, तेव्हा ती स्वतःलाच चावली. परवा बैठकीत तू सगळ्यांसमोर उभी राहशील, त्याआधी तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं. तू काय करावंस, मला सांगता येत नाही. मी काय करू, तेही कळत नाही. पत्र तिच्या कपड्यांच्या पिशवीत घालतेय. रागव, पण माझ्यावर. ती आत्ताच जागी झालीय, आणि मला तुझ्या नावानं हाक मारतेय, आई म्हणून. तीन महिन्यांत पहिल्यांदाच बोलली गं, आणि ऐकायला तू नाहीस.

तुझीच,
ताई