सुमनचा पासवर्ड

सोमवार, ६ ऑगस्ट २००७

सुमन जाऊन महिना झाला. हुपरीच्या पैंजणांच्या ऑर्डरी ती ईमेलवर घ्यायची. तिचे सगळे पासवर्ड आज लेक ते साठवायच्या जुन्या प्रोग्राममधून नव्यात हलवत होती. पण जुना उघडायलाच एक मुख्य पासवर्ड हवा. देवीचं नाव, लेकीचं, माहेरचं गाव, काही चालेना.

"बाबा, तुमचं नाव टाकू?"

"ती कसली टाकतीया!"

टाकलं. उघडलं की! जन्मभर मला 'अहो'च म्हणाली. उखाण्याशिवाय माझं नाव तोंडात न्हाय. आणि इथं रोज तेच टाईप करायची?

"नवऱ्याचं नाव कुणीबी ओळखंल. नव्याला दुसरा ठेवते," लेक म्हणाली. बरोबरच हाय. मीच हो म्हटलं. तिनं जुना प्रोग्राम पुसूनही टाकला.

पुसायच्या आधी एकदा माझ्या हातानं तेच नाव टाकून उघडायला पाहिजे होतं.