कादंबरीतील मामीमुळे नेलेली मयुरी तिच्या खऱ्या मामीकडे परत देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
बालहित चौकशी समिती, वर्धा

विषय : कु. मयुरी, वय १०, रा. अल्लीपूर, हिला घरी सोडणेबाबत.
संदर्भ : वाचनालयाच्या वहीचे पान ३७ (सध्या आपल्या फाइलमध्ये).

महोदय,

१) अर्जदार अल्लीपूरच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. येथील रीत अशी की, मुलाने पुस्तक परत करताना गोष्ट दोन ओळींत सांगावी व अर्जदाराने ती मुलाच्याच शब्दांत, नाव-पत्त्यासह वहीत उतरवावी. मयुरीने एक जुनी कादंबरी परत करताना सांगितले : "मामी पोरीले शिळी भाकर देते. गोठ्यात झोपवते. मामाले मालूम हाये, पण तो काईच बोलत नाई." पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात अर्जदाराने आळसाने 'वरीलप्रमाणे' लिहिले, त्यामुळे हे कादंबरीतले आहे असे त्या पानावर कुठेच दिसत नाही. ही चूक अर्जदाराची.

२) गावात तपासणीला आलेल्या आपल्या पथकाने ती वही तक्रारवही समजून वाचली. मयुरीला आई-वडील नाहीत, ती मामा-मामीकडेच राहते, हेही खरे निघाले. दुसऱ्या दिवशी तिला बालगृहात नेले. मामी सुलोचनाबाई यांच्या घरी गोठा नाही. जनावर म्हणाल तर एक मांजर, तेही शेजाऱ्यांचे.

३) सुनावणीत, मामी प्रेमळ असल्याचा लेखी पुरावा मागण्यात आला. लेखी म्हटल्यावर अर्जदाराने जुन्या कादंबऱ्या काढल्या. एकशे बारा कादंबऱ्यांत मामी सत्तावीस, सावत्र आया एकोणीस, प्रेमळ निरंक. मूल उपाशी ठेवल्याशिवाय त्या लेखकांचे कथानक हलत नसे. बालकल्याणाचे काम शेवटच्या प्रकरणात येणाऱ्या एखाद्या निपुत्रिक वकिलाकडे असे. तो मूल घेऊन जाई. पुढे ते तिथे जेवले की नाही, हे पाहायला कोणी गेल्याची नोंद नाही.

४) आज एकोणिसावा दिवस. भेटीच्या वेळी मयुरी म्हणाली, "सर, पुस्तक त मी वापस केलतं, मंग मले काऊन आणलं?"

५) सुलोचनाबाईंना वाचता येत नाही. त्या रोज वाचनालयात येऊन बाकावर बसतात. काल विचारू लागल्या, "भाऊ, त्या पुस्तकातली पोरगी मामीकडे वापस येते का जी?"

पुस्तकात ती येत नाही. अर्जदाराने 'येते' असे सांगून ठेवले आहे. तरी त्याप्रमाणे आदेश व्हावा.

आपल्या आदेशाची वाट पाहणारा,
धनंजय बापूराव भोयर
ग्रंथपाल, अल्लीपूर
दि. ११ ऑगस्ट २०२५