इंजिनावरचं लग्न

एकलहरे, नाशिकरोड
बुधवार, २१ एप्रिल १९९९

चि. आशास आईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं खुशाल असाल. मी बरी आहे. ऊन फार तापलंय, आणि यंदा पॉवर स्टेशनच्या चिमणीची राख उंबऱ्यापर्यंत येते. सकाळी झाडलं की दुपारी पुन्हा तसंच. पोळ्यांची दोन घरं सुटली नाहीत. वाचनालयातल्या बाई आता जाड पुस्तकंही देतात, चष्म्याचा नंबर वाढला तरी वाचते.

कुलथे सर आले होते. तेच, बाबांना पॉवर स्टेशनच्या पाइपांवर रंग मारताना बघून पहिलं कापड आणि ब्रश आणून देणारे. बाबांच्या चित्रांचं मुंबईत प्रदर्शन करायचं त्यांनी ठरवलंय. तीन मेला, सोमवारी टेम्पो येईल. बाबा असते तर त्या नादात आठ दिवस जेवले नसते. चित्रं जाऊ देत. एकाबद्दल मात्र तुला विचारल्याशिवाय मला हो म्हणता येत नाही. फोन विमलाबाईंच्या ओट्यावर आहे, तिथे चारचौघांत उभं राहून हे बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

बाबांच्या दहाव्याला तू आलीस आणि उभ्या उभ्या गेलीस. पाणी घेतलं नाहीस. म्हणालीस, "ज्या माणसानं माझं लग्न मानलं नाही, त्याच्या घरात नवऱ्याला घेऊन कशी बसू?" तुला द्यायचं उत्तर आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि तू आत आली नाहीस. दहा माणसांत मी तुझा हात धरून ओढणार कशी?

आशा, ते चित्र तुझ्या लग्नाचं आहे.

मनमाडला रजिस्टर लग्न केल्याचं तू कळवलंस तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "भिंतीवर देवीचा चौक नाय, लगीन लावणाऱ्या धवलेरीचं गाणं नाय, मंग लगीन कसलं?" किशोररावांच्या जातीवर त्यांचा राग नव्हता. तुला तसं वाटलं, आणि त्यांनी ते खोडून काढलं नाही. दोघंही हट्टी. पण महिन्याभरात त्यांनी मोठं कापड ताणलं. राख चाळून डिंकात कालवली, तिचा हात फिरवला, आणि वाळल्यावर तांदळाच्या पिठाने काढायला बसले.

चौकाशेजारी नवरा-नवरी घोड्यावर असतात ना, तिथे घोडा नाही. तुमच्या मनमाडचं रेल्वेचं इंजिन आहे. त्यावर दोन माणसं, आपल्याकडची काडीसारखी, आणि त्यातल्या बाईला तुझ्यासारखा चष्मा. मी हसले. म्हटलं, "अहो, काडीएवढ्या बाईला चष्मा कुठं असतो का?" तर म्हणाले, "तिला त्याच्याबिगर दिसत नाय. इंजिनावरून पडंल." बाकी सगळं आपलंच आहे: ताडाची झाडं, तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणारी माणसं. फक्त नाचाची रांग डोंगरावरून निघते ती मनमाडच्या फाटकाशी जाऊन पोचते.

मी विचारलं, "पोरीला कळवू का?" म्हणाले, "थांब. पुरं झाल्यावर दोघांना बोलवू. धवलेरी आणू. लगीन लावू." आपल्यात याला उशीर नसतो, तुला ठाऊक आहे. माझ्या लग्नात तू मांडवात गूळ खात फिरत होतीस आणि नवरीला आई म्हणून हाक मारत होतीस.

चौक मात्र रिकामा आहे. त्यातली देवी बाबांनी कधीच स्वतः काढली नाही. सवाशिणीचं काम ते. इतकी चित्रं केली, कुलथे सर चिडवायचे, "नाथा, तू चिमण्या काढतोस, विजेचे खांब काढतोस, आणि देवीपाशी आलास की म्हातारा होतोस!" बाबा ब्रश माझ्या हातात देऊन बाहेर विडी ओढत बसायचे. या खेपेला माझी पाळी यायच्या आत ते गेले. आता मी सवाशीण नाही, माझा हात चालत नाही.

अजून सांगायचं आहे. आज लिहवत नाही.

गुरुवार

काल लपवलं ते लिहिते.

सोमवारी मी गिरणीतून आले तर कुलथे सर चित्रासमोर पाट घेऊन बसलेले. वाटीत पीठ कालवलेलं. चौकात देवी काढून झाली होती. चांगली काढली होती, खोटं कशाला बोलू.

"वहिनी, बघा! नाथाचीच रेघ धरलीय मी. आता चित्र पूर्ण झालं."

देवी एकदा चौकात बसली की तिच्यासमोर लग्न लागलं पाहिजे, नाही तर ती ताटकळत राहते आणि ज्याचं लग्न त्याच्या घरी जाऊन बसते. मी फडकं ओलं केलं आणि पुसून टाकली.

"अहो, काय करताय! वेड लागलं का तुम्हाला?"

"सर, तुम्ही पुरुष माणूस. आणि लग्न कुणाचं ते न विचारता बसवलीत."

"कुणाचं लग्न? हे चित्र आहे, वहिनी."

"तुमचं चित्र असंल. माझ्या लेकीचं लगीन हाय."

माणूस वाईट नाही. जाताना म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं. पण तीन तारखेला गाडी येईल, ती मला थांबवता येणार नाही." आणि पाट उचलून जागेवर ठेवला.

पुसली खरी, पण गाणं न म्हणता, निरोप न देता पुसली. तेव्हापासून झोप नाही. गावाकडून तुझी सिंधुकाकू आली, तिला विचारलं. तिने आधी हिंमत दिली, "गप बस, भिमा. गड्याच्या हातानं देवी बसतच नाय." मग भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आन बसली आसंल तं?"

हे तुला भीती घालायला लिहीत नाही. इतकी पुस्तकं वाचली, त्यातल्या कुणी असल्या गोष्टीला भ्यालं असतं असं वाटत नाही. पण विमलाबाईंना मनमाडला गाडी बदलताना तू दिसलीस. तुला सहावा-सातवा असेल म्हणाल्या. तू कळवलं नाहीस, मी विचारत नाही. फक्त ते ऐकल्यापासून ते फडकं मी पुन्हा हातात घेतलं नाही.

सिंधूच्या मते उपाय एकच आहे. चौकात देवी रीतीने काढायची आणि तुमचं लग्न गाऊन लावायचं. सिंधू सवाशीण आहे, काढायला ती तयार आहे. पण नवरा-नवरी नसताना तिला काढू द्यायची माझी छाती नाही. एकदा झालं तेवढं पुरे.

तेव्हा दोन मेला, रविवारी सकाळच्या गाडीने या. किशोररावांना नीट सांग. म्हणावं, तुमचं रजिस्टर लग्न मोडत नाही, त्यावर काही लादत नाही. सासूबाई नामपूरहून येत असतील तर त्यांनाही आण, हळद मी वाटून ठेवीन. त्या म्हणतील, पोटुशीचं कसलं लग्न. त्यांना म्हणावं, आमच्या घरी हे पिढीजात आहे.

गावची धवलेरी आता अंथरुणाला आहे, ती येऊ शकत नाही. त्यावरही मी विचार केलाय. चौक काढायला विधवा चालत नाही, गायला चालते. माझी आई विधवा झाल्यावर पंधरा गावांची लग्नं गायली, मी तिच्या मागे बसून री ओढत असे. गाणी पाठ आहेत. बाबा गेल्यापासून तोंडातून सूर काढला नव्हता. काल पीठ मळताना हळूच म्हणून पाहिलं. आवाज फाटलाय, पण शब्द सगळे आले. देवीला हाक घालायची, तिला बसवायची, मग नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव. तिथे येऊन थांबले. नवरी समोर नसताना तिचं नाव घ्यायचं नसतं.

नाही आलीस तर चित्र सोमवारी आहे तसं जाईल. लोक रिकाम्या चौकाला काय वाटेल ते म्हणोत. मी सरांकडून वचन घेतलंय, त्यात कुणी रेघ ओढणार नाही. तुझ्यावर राग धरणार नाही. गाणं मात्र अर्धंच राहील, ते दुसऱ्या कुणासाठी पुरं करता येत नाही.

तुझ्या लग्नाची वाट बघणारी,
तुझी आई