सोमवारचं प्रमेय

भालुखोला, नेपाळ
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

प्रिय चेलना,

तिळगूळ घे. गोड नाही बोललीस तरी चालेल, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. तू फोन उचलत नाहीस, म्हणून उद्या दीड तास डोंगर उतरून हे पोस्टात टाकणार आहे.

घरी सुभाषचंदकाका आणि मोहनबाईकाकू बरे असतील. काकूंना सांग, त्यांनी प्रवासाला म्हणून दिलेल्या डब्यातला मेथी खाकरा मी पुरवून पुरवून वैशाखापर्यंत खाल्ला. आज इथेही सण आहे, शाळेला सुट्टी. तूप घालून तरूळ खातात, म्हणजे जमिनीखालचा कंद. तुला, जैनाच्या पोरीला, चालला नसता. थंडी इतकी की खडू धरवत नाही, आणि मी धरणगावच्या उन्हात वाढलेली बाई दोन स्वेटर घालून फळ्याशी उभी असते. काल आईचा फोन लागला. तिचं नेहमीचंच, "कव्हय येशी व पोरी?" मी विषय बदलला.

आता मुद्द्यावर येते. माझं डोकं चार दिवस ठिकाणावर नाही.

आमच्या संस्थेचा नियम तुला माहीत नसेल. स्वयंसेवकाने एका शाळेत फार तर तीन महिने राहायचं, मग पुढच्या शाळेत. का, तर म्हणे जास्त मुलांना लाभ होतो. कसला लाभ, डोंबलाचा! ही माझी चौथी शाळा. इथे दहावी आहे, मार्चमध्ये त्यांची बोर्डाची परीक्षा, आणि गणिताला कायमचा शिक्षक नाहीच. जो येतो तो पाहुणा. पहिल्या दिवशी मी वर्गात पाय ठेवला, त्यांनी हार घातला, गाणं झालं, आणि पुढच्या बाकावरची सम्झना नावाची मुलगी उभी राहिली. मला वाटलं, नाव विचारेल. तिने विचारलं, "मिस, तपाईंको बिदाइ कहिले हो?" माझा निरोप समारंभ कधी आहे, हे तिला आधी हवं होतं.

मी हसले. मग तिची वही बघितली आणि हसू पळालं. मुखपृष्ठाच्या आत सात पाहुण्यांची नावं, प्रत्येकापुढे जाण्याची तारीख. आणि वहीत पहिला धडा सात वेळा! प्रत्येकाने आपलं म्हणून पहिल्यापासून सुरू केलेलं, आणि अर्ध्यावर हारतुरे घेऊन गेलेलं. वर्तुळाच्या धड्यापर्यंत एकही बाबा पोचलेला नाही. या मुली दोन दोन तास चढण चढून येतात गं. गाढव नाहीत त्या. पाहुणा महिनाभराचा असेल तर त्या नवीन वहीसुद्धा घालत नाहीत.

मी आठवा धडा उघडला. मागचं मागे राहू दे, जे कोणी शिकवलं नाही तेच शिकवू, असं ठरवलं. बरं चाललं होतं. एकदा घाईत उदाहरण सोडवताना माझ्या तोंडून मराठीतच गेलं, सात आठे छप्पन्न. कितीही इंग्रजी झाडलं तरी गुणाकार काही धरणगाव सोडत नाही. मुलींना तो ठेका इतका आवडला की आता सगळा वर्ग नेपाळी सोडून मराठीत पाढे म्हणतो. हेडसर आधी रागावले. मग म्हणाले, उत्तर बरोबर येतंय ना, मग म्हणू दे. तेवढ्यात संस्थेचा सरोज कॅमेरा घेऊन आला. पाढे त्याला फार गोड वाटले. चार वेळा म्हणायला लावले, खिडकीतून ऊन नीट येईपर्यंत. अख्खा तास त्यात गेला. त्याला फाडून खायचं तेवढं बाकी होतं.

आणि शुक्रवारी तोच सरोज सांगायला आला की येत्या शुक्रवारी माझी बिदाई. झेंडूचे हार सांगून झालेत, सोमवारी ऑस्ट्रेलियाचे बारा जण येणार, त्यांना माझी खोली हवी. मी म्हटलं, परीक्षेला दोन महिने राहिलेत. तो म्हणाला, नवे पाहुणे शिकवतील की. मी विचारलं, किती दिवस? तर दोन आठवडे. बारा माणसं, दोन आठवडे, आणि सुरुवात पुन्हा पहिल्या धड्यापासून. हेडसर जमिनीकडे बघत बसले. शाळेचे बाक संस्थेनेच दिलेत, ते बिचारे काय बोलणार? मला असा संताप आला की हातातलं डस्टर मी टेबलावर आपटलं आणि सगळी खडूची पूड सरोजच्या जाकिटावर उडाली. त्याबद्दल माफीबिफी काही मागितलेली नाही.

त्याला तोंड भरून ऐकवलं. मुलांचं वर्ष म्हणजे काय धर्मशाळा वाटली, कोणीही यावं, दोन रात्री राहावं, फोटो काढून निघावं? अर्ध्यावर वर्ग सोडणाऱ्याला मास्तर म्हणवून घ्यायचा काय हक्क आहे?

हे शेवटचं वाक्य बोलले आणि मी टेबलावरची पूड पुसायला लागले. सरोजला वाटलं, माझा राग संपला. मला तू आठवलीस.

दिवाळीआधी संस्थेने माझ्या तिसऱ्या बिदाईचा फोटो फेसबुकवर टाकला होता. गळ्यात हार, मुलं रडतायत, मीपण रडतेय. खाली तू लिहिलंस, "इकडे निरोप द्यायचा राहिला होता." एवढंच. तेव्हा मला इतका राग आला तुझा! म्हटलं, हिला काय माहीत नाही का, सात वर्षं राबवून आपल्या शाळेच्या संस्थाचालकांनी माझ्या जागी भाच्याला कायम केलं ते? मी पाय धरायचे होते का त्यांचे? त्यांच्याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण चेलना, भाच्याला कायम माझ्या दहावी ब ने केलं नव्हतं.

मी त्यांना काय सांगून गेले, ते तुला पोरांनी सांगितलंच असेल. तरी एकदा माझ्या हाताने लिहिते. तेरा महिन्यांपूर्वीचा, डिसेंबरातला शनिवार, शेवटचा तास. वर्तुळाचा धडा, अंतर्लिखित कोनाचं प्रमेय. आकृती काढून झाली, पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, आणि घंटा झाली. डिंपलने विचारलं, "मॅडम, सिद्धता?" मी म्हटलं, धुळ्याला मावसबहिणीच्या लग्नाला चाललेय, सोमवारी येते, सोमवारी करू. धुळ्यात लग्नबिग्न काही नव्हतं. बॅग भरून तयार होती. मी रडेन आणि थांबेन, अशी भीती वाटली, म्हणून खोटं बोलले.

हिंदीची बाई तू, तुझ्या गळ्यात दहावीचं गणित मारलं. रात्रंदिवस गाईड वाचून तू शिकवलंस म्हणे. आणि निकालानंतर तुझा निरोप आला, "डिंपल गणितात राहिली. बन्सीलालभाऊ मेहरूणहून तिला घरी घेऊन गेले. जुलैच्या परीक्षेलाही बसवलं नाही." मेहरूणला मावशीकडे राहून शिकणारी पोर ती, एकदा बापाच्या रावेरच्या केळीच्या मळ्यात परत गेली की कोण पाठवतं? त्यावर मी काय केलं, तर रडक्या चेहऱ्याचं एक चित्र पाठवलं. लाज वाटते लिहायला.

रविवारी (इथे सुट्टी शनिवारी असते) वर्गात नेमकं तेच प्रमेय आलं. तीच आकृती, तोच पक्ष, तेच साध्य. हात फळ्यावर थांबला. सम्झना मागून म्हणाली, बाकीचं पुढच्या मिसकडून करून घेऊ का? बिदाईची तारीख तिच्या वहीत आधीच चढली होती. मी सिद्धता पूर्ण केली. दोनदा केली. मग सांगितलं की परीक्षेपर्यंत मी इथेच आहे. तिने मान डोलावली. वहीतली तारीख मात्र खोडली नाही.

सरोजला कळवून टाकलं, "हार घाला, गाणं म्हणा, पण मी जाणार नाही." संस्थेतून नाव काढलं त्यांनी. खोली शुक्रवारी सोडायची आहे. हेडसरांच्या बहिणीच्या गोठ्यावर एक माळा आहे, तिथे राहीन. त्यांनी स्वतःहून विचारलं, मान खाली घालूनच.

सोबत चार कागद आहेत. डिंपलसाठी ती सिद्धता आहे, पायरी पायरीने, तिला समजेल अशी. तेवढी तिला पोचव. आणि बन्सीलालभाऊंना भेटून येत्या जुलैच्या परीक्षेचा फॉर्म भरायला लाव. ते माझं नाव ऐकून भडकतील, भडकू दे. मार्च संपला की मी थेट रावेरला उतरणार, आणि परीक्षेपर्यंत मळ्यात बसून तिला शिकवणार. त्यांनी हाकललं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन.

मी येणार आहे, असं डिंपलला मात्र सांगू नकोस. आले की दिसेन.

माझ्यावर रागावलेली राहा, तुझा हक्क आहे. फक्त फॉर्म भर.

सोमवारी येते म्हणून गेलेली,
ज्योती