दोन सिंहिणी

३ मार्च

दोन्ही माद्याच हव्यात म्हणे! छुंगवू गावाहून एक सत्तरीची बाई आली होती, नव्या दारासाठी दगडी सिंहांची जोडी सांगायला. बाबांनी समजावलं, "नराच्या पंजाखाली चेंडू, मादीच्या पंजाखाली पिल्लू. बाहेरचा दरारा त्याचा, घरची माया तिची. जोडी अशीच असते."

"आमच्या घरात पुरुष नाही," ती म्हणाली. "मी आणि माझी मैत्रीण. दारात खोटा कशाला बसवू?"

मला हसू आलं. मग तिने नाव सांगितलं, को मेइथाव. बाबा रताळ्याची पेज अर्धी टाकून उठले. का ते कळलं नाही.

५ मार्च

बाबा म्हणतात, काम परत कर. "लोक हसतील." – गेल्या वर्षी हॉटेलवाल्याला चष्मा घातलेला सिंह यांनीच करून दिला! तेव्हा नाही हसले लोक?

९ मार्च

काम मी घेतलं. कारखाना आता माझाही आहे. पहिली सिंहीण निम्मी झाली, डावा पंजा पिल्लावर. बाबा मागे येऊन उभे. "जड झालाय पंजा. दाबतेय ती त्याला."

लहानपणी बाबाच सांगायचे – सिंहिणीच्या पंजातून दूध येतं, पिल्लू ते पितं. मग ती दाबते की पाजते? विचारलं.

"मला कधीच कळलं नाही," म्हणाले. पन्नास वर्षं सिंह घडवणारा माणूस! हे काय उत्तर झालं?

१० मार्च

जेवले नाहीत. दुसऱ्या दगडाभोवती फिरत राहिले.

१७ मार्च

सकाळी अंगणात छिन्नीचे ठोके. दुसरा दगड बाबांनी घेतलेला!

"चेंडू कोरताय ना? छुंगवूच्या मावशींना फसवायचं नाही हं, बाबा!"

"गप बस गं. आधी बघ."

पिल्लूच होतं. वरचा पंजा इतका अलगद, की खालून बोट जावं. एरवी बाबांचा हात कापतो, चहा सांडतो. इथे एक ओरखडा चुकलेला नाही. रागावलेत की खूश आहेत? माझं डोकं चालेना.

२ एप्रिल

छुंगवूला जाऊन सिंहिणी बसवल्या. बाबा हट्टाने ट्रकमध्ये बसले होते. आतून मावशींची मैत्रीण आली, बाबांपुढे उभी राहिली. "दादा, किती वाळलास रे!"

मला एकच आत्या होती. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी समुद्रात बुडाली, असं बाबा आजवर सांगत आले.