मधल्या रांगेतल्या तीन जागा

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघा ताळ्यावर आला आणि वहिनीने तुला पुन्हा जिना चढायची परवानगी दिली, हे वाचून जीव भांड्यात पडला. आम्ही दोघं ठणठणीत. ह्यांच्या वर्कशॉपला सोफ्यांची इतकी कामं आहेत की आमच्या घरचा सोफा फाटका तो फाटकाच. माझं दवाखान्यात लोकांचे कान तपासणं चालू आहे. दिवसभर लोकांना विचारायचं, ऐकू आलं का, आणि घरी येऊन ह्यांना तेच विचारायचं.

आता गाड्यांचं. तू बजावलं होतंस की मोठी गाडी घ्यायची तर आराम, ताकद आणि जागा बघ, रंगावर भाळू नकोस. शेवटी असंही विचारलंस, 'दोन माणसांना एवढं धूड कशाला?' त्याकडे येते. आधी गाड्या.

नव्या गाड्या आपल्या आवाक्यातल्या नाहीत, म्हणून वापरलेल्या आलिशान गाड्या विकणाऱ्या एका डीलरकडे गेलो. त्याच्याकडे तीन होत्या. एक पांढरी, एक काळी, एक करडी.

आराम म्हणशील तर पांढरी. ह्यांनी सीट अंगठ्याने दाबून पाहिली, शिवण नखाने ओढून पाहिली आणि म्हणाले, "फोम चांगला आहे." दुसऱ्याच्या कामाला त्यांनी चांगलं म्हटलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. मी दार लावून कान दिला. बाहेर ट्रकचा भोंगा वाजत होता, तो शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला. मधल्या रांगेत दोन ऐसपैस स्वतंत्र खुर्च्या, हात टेकायला जागा, आणि बटण दाबलं की पाठीला मालिश. ह्यांनी ती सुरू केली आणि डोळे मिटले. हलवून उठवावं लागलं.

ताकद काळीत. पाण्याच्या टाकीकडचा चढ आहे ना, जिथे आमची छोटी गाडी धापा टाकते, तिथे हिने नुसता पाय लावताच उसळी घेतली. हे कॉलेजात असल्यासारखे हसायला लागले. पण गाडी कडक. गतिरोधकावरून गेली की दाढा एकमेकींवर आपटतात. मागच्या रांगेत तीन जागा आहेत, पण मधल्या जागेखाली एवढा उंचवटा की बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागावेत.

करडीचं सांगण्यासारखं फारसं नाही. चढ चढते, पण बढाई मारत नाही. सीटच्या कातड्याला बारीक सुरकुत्या पडल्यात. वेगात गेली की चाकांची किंचित गुणगुण येते, ती माझ्याच कानाला लागते. मात्र मधल्या रांगेत तीन पूर्ण जागा, प्रत्येकीला आपला पट्टा, डोकं टेकायला आपली उशी. मागची रांग दुमडली की सामानाला एक छोटी खोलीच.

आम्ही करडी घेतली.

तू कपाळाला हात लावशील. पण निवड आमची नव्हती, दादा. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर तिन्ही गाड्यांच्या आरशांचंसुद्धा वर्णन करून होईल.

आमच्याकडे तीन मुलं येणार आहेत. सख्खी भावंडं. मोठी अकरा वर्षांची. मधली अखंड बोलते, म्हणून तिचं नाव आम्ही बडबडी ठेवलंय. धाकटा तोंडातल्या तोंडात सारखा गुणगुणतो, म्हणून तो भुंगा. त्यांना सांभाळणारं जवळचं कुणी उरलेलं नाही. गेले काही महिने शनिवारी ती आमच्याकडे येतात. तिघांना एकत्र घेणारं घर मिळालं नसतं तर भुंगा वेगळ्या घरी गेला असता. हे दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी आम्हाला हळू आवाजात सांगितलं. मोठीला ते आधीच माहीत होतं.

तुला का कळवलं नाही, ते तू ओळखशील. मागच्या वेळी बाळ येणार म्हणून मी साऱ्या जगाला सांगितलं, खोली रंगवली, आणि मग त्याची मावशी त्याला सांभाळायला पुढे आली. त्याच्यासाठी ते चांगलंच झालं. पण प्रत्येकाला पुन्हा सांगताना माझं काय झालं, ते वहिनीला विचार. ती टोपडी, दुपटी तिनेच घडी करून नेली होती. या वेळी कागदांवर शेवटची सही होईपर्यंत ओठ शिवून बसायचं ठरवलं. सही शुक्रवारी झाली.

काल संस्थेच्या बाईंना विचारून तिघांना गाड्या दाखवायला नेलं. बडबडी आणि भुंगा पांढरीतल्या दोन खुर्च्यांवर चढले, मालिश सुरू केली आणि खिदळायला लागले. मोठी दार धरून बाहेरच उभी.

"तू मागे बस की," डीलर म्हणाला. "मागची रांगही मस्त आहे."

"मी मागे बसले तर हा रडेल," ती म्हणाली.

भुंगा त्या वेळी हसून हसून लाल झाला होता. त्याच्याकडे बोट दाखवायला कुणी गेलं नाही.

काळीत ती स्वतःच मधल्या जागेवर बसली, गुडघे पोटाशी घेऊन. म्हणाली, "चालेल." ती सगळ्यालाच चालेल म्हणते. ह्यांनी तिला हात देऊन खाली उतरवलं. "चालवून घ्यायचं नाही," ते म्हणाले. "नीट बसता आलं पाहिजे."

मग करडी. मोठी मध्ये, दोघं दोन बाजूंना. तिने भुंग्याचा पट्टा लावला, बडबडीचा तपासला, स्वतःचा लावला आणि पाठ टेकली. दादा, आमच्या घरी ती खुर्चीच्या कडेवर बसते, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी. तिला पाठ टेकून बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

डीलरला वाटलं सौदा होतोय. खिडकीत वाकून म्हणाला, "आठवडाभर वापरून बघा. नाही पटली तर परत आणा, आम्ही एका शब्दाने बोलणार नाही."

मोठीचा हात पट्ट्याच्या बटणावर गेला. तिथेच राहिला. ह्यांनी ते आरशात पाहिलं. आपले हे किती बोलतात तुला ठाऊक आहे. ते मागे वळलेही नाहीत.

"परत आणायचा प्रश्नच नाही," म्हणाले. "आमचं ठरलंय. कायमचं."

डीलर खूश झाला. मोठीने आरशात ह्यांच्याकडे बघितलं. मग तिने विचारलं, "पुढे तुम्ही दोघं बसणार ना? दर वेळी?"

"दर वेळी," मी म्हटलं.

"मग हीच घेऊ," ती म्हणाली आणि पट्ट्यावरचा हात काढून भुंग्याच्या खांद्यावर ठेवला.

येताना मी मागे बघितलं नाही. रडले असते, आणि मोठीला वाटलं असतं की काहीतरी बिनसलं.

पुढच्या शनिवारी ती सामानासकट येताहेत, राहायला. तू आणि वहिनी त्यानंतरच्या रविवारी या. स्टेशनवर आम्ही सगळे करडी घेऊन येऊ. तुम्हाला मागच्या रांगेत बसावं लागेल, गुडघ्याची तयारी ठेव. मुलांना मामा आहे, असं मी तुला न विचारताच सांगून टाकलंय. बडबडीने लगेच विचारलं की मामा कसा दिसतो. मी सांगितलं, रागीट दिसतो, पण तसा नाही. ते खोटं पाडू नकोस.

ह्यांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझीच धाकटी,
आणि ह्या तिघांची कोण, ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही. मला घाई नाही.